ढगांवरचे नगर आणि खाणीतील माणूस

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांत आदर्श समाजाची काळी बाजू उघड होते, तेव्हा तिचे खापर एखाद्या हुकूमशहावर किंवा यंत्रावर फोडून समीक्षक बहुधा मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाला हे वाचन अपुरे वाटते. दोष आदर्शाच्या रचनेतच असू शकतो. थॉमस मोर यांच्या १५१६ मधील 'यूटोपिया'तही गुलाम आहेतच.

'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतील 'द क्लाउड माइंडर्स' (१९६९) हा भाग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. स्ट्रॅटॉस हे ढगांत तरंगणारे नगर. तेथील नागरिक कलासाधनेत मग्न असून आपण हिंसेचे उच्चाटन केले, असा त्यांना अभिमान आहे. खाली भूपृष्ठावर ट्रॉग्लाइट लोक झेनाइट या खनिजाच्या खाणींत राबतात. त्यांच्यापैकी वान्ना या बंडखोर स्त्रीचा मात्र याच नगरात यंत्राद्वारे छळ केला जातो. म्हणजे हिंसा नाहीशी झालेली नसून तिचा रोख केवळ नागरिक न मानलेल्यांकडे वळलेला आहे.

पुढे कळते, की कच्च्या झेनाइटमधून निघणाऱ्या वायूमुळे कामगारांची बुद्धी मंदावते. त्यांची तथाकथित जन्मजात हीनता परिस्थितीजन्य ठरते, हे या कथेचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु तिने सुचविलेला उपाय कोणता? मुखवटे! वायू अडतो, खाण चालूच राहते. शिवाय नायकांच्या न्यायप्रिय संघराज्यालाही तेच झेनाइट हवे असते; दुसऱ्या ग्रहावरील वनस्पतींवर पडलेला रोग त्याने आटोक्यात येणार असतो. हेतू उदात्त असल्याने या गरजेची चिकित्सा कथा करीत नाही. परक्या ग्रहाचा आदर्श तपासणारी मालिका येथे स्वतःच्या आदर्शाला मात्र सूट देते.

तासाभराच्या करमणुकीकडून एवढी अपेक्षा का करावी, असा आक्षेप संभवतो. पण श्रमाचा प्रश्न या कथेनेच उपस्थित केला आहे. तेव्हा तिचे उत्तर तपासणे हे समीक्षेचे कर्तव्यच होय.

आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांत विज्ञानसाहित्याची चर्चा बव्हंशी विज्ञानाच्या अचूकतेभोवती फिरते. कथेतील सुखी समाज कोणाच्या श्रमावर उभा आहे आणि त्या श्रमिकाला कथेत स्वतःचा आवाज आहे काय, हे प्रश्नही विद्यार्थ्यांनी विचारावेत, एवढीच येथे अपेक्षा आहे.