तिकिटावरची वेळ



आमच्या हडपसरच्या गल्लीतला एक मुलगा हॉटेलातल्या नोकरीसाठी मॉरिशसला गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याची आई तिकिटाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. "भाऊ, तुम्ही शिकलेले. पोरगं कधी पोचंल तेवढं सांगा."

विमान मुंबईहून रात्री दीडला सुटणार, सकाळी सहाला पोहोचणार. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला वजाबाकी ती काय! "साडेचार तास, मावशी. साडेसहाला फोन येईल," मी छातीठोकपणे सांगितले.

सहापासून ती माउली फोन हातात धरून बसली. सात वाजले, साडेसात वाजले. आठला ती रडत माझ्या दारात आली. सव्वाआठला फोन आला. पोरगा सुखरूप होता. चुकले होते माझे गणित.

तिकिटावर सुटण्याची वेळ इथली असते आणि पोहोचण्याची तिथली. मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथले सहा म्हणजे आपले साडेसात. साडेचारात दीड मिळवला की खरा प्रवास सहा तासांचा. येताना उलटे, दीड तास वजा करायचा. मुंबई ते मॉरिशस हवाई अंतर सुमारे 4,700 किलोमीटर. विमान ताशी आठशेच्या आसपास जाते. नुसता भागाकार केला असता तरी चूक कळली असती. शिवाय हडपसरहून मुंबईच्या विमानतळापर्यंत चार तास आणि तिथे तीन तास आधी हजेरी. म्हणजे घर सोडल्यापासून तेरा-चौदा तास धरावेत.

हाच हिंदी महासागर आपल्या लोकांनी शिडाच्या जहाजांतून ओलांडला आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याहून गेलेले 36 मजूर उसाच्या मळ्यांसाठी मॉरिशसला उतरले. पुढे मुंबई बंदरातून मराठी माणसेही गेली. प्रवासाला कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या ज्या 16 पायऱ्या पुढे आलेले मजूर चढले, त्या आजही जपल्या आहेत. 2006 साली युनेस्कोने तो घाट जागतिक वारसा ठरवला. त्या मजुरांच्या आयांना कुठला फोन? मावशींचे दोन तास मी पाहिले, म्हणून त्या आयांची वर्षे कशी गेली असतील याचा थोडा अंदाज आला.

त्या मजुरांनी न वाचता येणाऱ्या करारावर अंगठे उठवले. 'ॲग्रीमेंट'चे लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. आज आपली मुले शिकलेली आहेत. तरी पगार किती, कापून हाती किती, राहण्या-जेवण्याचे कोण पाहणार, परतीचे भाडे कोणाचे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. कराराची आणि पासपोर्टची एक-एक प्रत घरी ठेवावी.

मावशींच्या पेटीत ती प्रत आहे. मी ती त्यांना वाचून दाखवली. या वेळी मात्र दोनदा तपासून.