औषधाला दाद न देणारा जंतू आणि मूत्रपिंड गाठणारा जंतू

प्रतिजैविकांची बातमी आली की देशातील चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: कोणते औषध अजून चालते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ साली उभारलेल्या निगराणी जाळ्यामुळे या प्रश्नाला आकडेवारीचा आधार मिळाला, हे मोठेच काम. परंतु लहान मुलांच्या मूत्रमार्गातील संसर्गात दुसरा प्रश्नही तितकाच गंभीर आहे: हा जंतू मूत्राशयातच थांबेल की मूत्रपिंडापर्यंत चढेल?

बहुतेक वेळा कारण ई. कोलायच. आतड्यात तो निमूटपणे नांदतो. मूत्रमार्गात मात्र लघवीचा प्रवाह त्याला सतत धुऊन काढतो. तेथे टिकायचे तर चिकटून राहणे भाग आहे. 'टाइप १' तंतूंच्या टोकावरील फिमएच हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला पकडते. 'पी' तंतूंची पकड याहून वेगळी: 'पी' रक्तगटाच्या प्रतिजनांत आढळणारी शर्करारचना मूत्रपिंडाच्या पेशींवरही असते, आणि हे तंतू नेमके तेथेच रुजतात. पुढे हिमोलायसिन पेशी फोडते, एरोबॅक्टिन शरीरातील लोह ओढून घेते.

स्वीडनमधील संशोधकांनी चार दशकांपूर्वीच दाखवले की मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या मुलांतील जंतूंमध्ये 'पी' तंतू मोठ्या प्रमाणात आढळतात, निरोगी मुलांच्या आतड्यातील जंतूंमध्ये क्वचित. ज्या मुलांची लघवी मूत्राशयातून उलट वर चढते, त्यांच्यात मात्र हे तंतू नसलेला दुबळा जंतूही मूत्रपिंड गाठतो. म्हणजे जंतूची शस्त्रे तपासली की मुलाच्या शरीररचनेविषयीही संशय घेता येतो. प्रतिरोधाच्या तक्त्यातून हे कळत नाही. प्रतिरोधक जंतू आक्रमक असतोच असे नाही. भारतातही आढळणाऱ्या एसटी१३१ वंशात मात्र दोन्ही गुण एकत्र आले आहेत.

प्रत्येक तालुक्याच्या प्रयोगशाळेत जनुकीय चाचणी व्हावी, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. तापलेल्या बाळाचे औषध अशा अहवालासाठी थांबवताही येणार नाही. परंतु राष्ट्रीय जाळ्यात जमणारे जंतू मुलाचे वय, ताप आणि सोनोग्राफीचे निष्कर्ष यांच्या नोंदीसह जपून ठेवता येतील, आणि त्यातील निवडक जंतूंचे जनुकीय वाचन करता येईल. ही मागणी अवाजवी नाही.

त्याआधीची अट अधिक साधी आणि अधिक दुर्लक्षित आहे. कारण न कळणाऱ्या तापात औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वीच लघवी कल्चरसाठी घ्यायला हवी. तान्ह्या बाळाच्या अंगाला चिकटवलेल्या पिशवीतील लघवी त्यासाठी भरवशाची नसते, कारण त्वचेवरील जंतू तिच्यात मिसळतात. प्रत्यक्षात प्रतिजैविकाचे सिरप आधी सुरू होते, कल्चर नंतर जाते आणि 'जंतू वाढले नाहीत' असा अहवाल येतो. ताप उतरतो, मूल घरी जाते. मूत्रपिंडावर व्रण राहिला असेल, तर तो पुढे वाढलेल्या रक्तदाबातूनच समजतो.