घराच्या दारातील अडसर

श्रीबालाजीच्या यात्रेमुळे वऱ्हाड-मराठवाड्यास परिचित असलेल्या देऊळगाव राजा येथे कुबड्यांच्या आधाराने चालणारा एखादा शिक्षक बदलून आला, अशी कल्पना वाचकांनी करावी. नोकरी त्याला कायद्याने मिळाली. आता त्याला भाड्याचे घर हवे. तळमजला दुकानास दिलेला; वर जाणारा जिना अरुंद; आणि जेथे सोयीची जागा आहे, तेथे घरमालक अदबीने म्हणतो, ‘गुरुजी, तुमची येथे गैरसोय होईल.’ या गोड नकाराविरुद्ध त्याने दाद मागावी तरी कोठे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुष्कळ दिले आहे, हे मान्य केले पाहिजे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि सरकारी गृहयोजनांत पाच टक्के जागा त्याने राखल्या. घरांच्या बाबतीत स्त्रियांस अग्रक्रमही दिला. अपंगत्वावरून भेदभाव होऊ नये, असे तिसरे कलम बजावते. परंतु भाड्याच्या खाजगी घराचा स्वतंत्र उल्लेख कायद्यात नाही, आणि तालुक्याच्या गावी बदलून आलेल्या माणसाला सरकारी योजनेतील घराची वाट पाहत बसता येत नाही. अमेरिकेने १९८८ सालीच घर विकताना वा भाड्याने देताना अपंगत्वापायी नकार देण्यास मनाई केली. भाडेकरू स्वखर्चाने कठडा किंवा उतार बसवू लागल्यास रास्त फेरफाराला मालकाने आडकाठी करू नये, असेही तेथे ठरले.

आपल्याकडे नियमांचीच स्थिती अशी, की ते बंधनकारक नसून केवळ शिफारशीवजा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाला ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात म्हणावे लागले. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेशही न्यायालयाने दिला. मध्यंतरी ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. जोत्याच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

घर माझे, भाडेकरू मी निवडीन, हा मालकाचा युक्तिवाद सर्वस्वी चुकीचा नाही. भाडे बुडविणाऱ्यास त्याने अवश्य नाकारावे. पण माणसाचे शरीर हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, त्याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. मात्र कुष्ठमुक्त माणसाला निराळी वसाहत शोधावी लागली, ती गावाने त्याला दार लावले म्हणून, हे आपण सोयीस्कर विसरतो.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात अपंगत्वापायी घर नाकारण्यास स्पष्ट मनाई करणारे कलम घालावे. स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी राखणाऱ्या नगरपालिकांनी त्यातून भाड्याच्या घरांतील उतार व कठडे यांस साहाय्य द्यावे, म्हणजे मालकाची खर्चाची सबबही उरणार नाही. गृहनिर्माण संस्थांच्या इमारती सुगम असल्यावाचून त्यांस पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. कायद्याचे ४४ वे कलम हेच सांगते.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या घरावर ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येक सुशिक्षिताने, कुबड्या घेऊन दारी आलेल्या माणसाला त्याची गैरसोय परस्पर ठरवून परत पाठवू नये. त्याला आधी खोली दाखवावी. ती सोयीची आहे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.