चार सेंटिमीटरची पट्टी आणि आपली विहीर



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की पाण्याची पातळी दाखवणारा छोटा सेन्सर विकत आणला जातो. ग्लासात बुडवला, दिवा लागला, टाळ्या पडल्या, संपलं! पण त्याची पट्टी जेमतेम 4 सेंटिमीटर पाणी मोजते. आपल्या तुळजापूर भागात प्रश्न ग्लासातल्या पाण्याचा नाही, विहिरीतल्या पाण्याचा आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: हा सेन्सर मुलांनी नुसता दाखवू नये, तो वाढवावा.

पट्टीला लांब वायर जोडून काम होत नाही. ती खोल गेली तरी 4 सेंटिमीटरच मोजते. शिवाय पाण्यातल्या क्षारांप्रमाणे तिचा आकडा बदलतो आणि सतत वीज वाहिली की तिच्यावरचं तांबं झिजतं.

त्याऐवजी 10 फुटी प्लॅस्टिक पाइपवर दर फुटाला स्टीलचा एक स्क्रू बसवा. अगदी तळाशी एक सामाईक स्क्रू, त्याला सेलची धन बाजू जोडा. वरच्या प्रत्येक स्क्रूची वायर रेझिस्टरमधून एका ट्रान्झिस्टरला आणि त्यावर एक एलईडी. पाणी जितक्या स्क्रूंना टेकेल तितके दिवे लागतील. प्रत्येक स्क्रू फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो, त्यामुळे क्षार थोडे कमी-जास्त असले तरी गोंधळ होत नाही. मध्ये बटण ठेवा. मोजण्यापुरतंच दाबायचं, म्हणजे झीज कमी.

त्याहून खोल पाण्यासाठी दाब मोजणारे सेन्सर असतात. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक वातावरण वाढतो, हे तत्त्व वरच्या वर्गातल्या मुलांना जरूर सांगा.

“लहान मुलांना हे झेपेल का?” असं पालक विचारतील. जोडणी सहावी-सातवीची मुलं करतील. तिसरी-चौथीची मुलं दिवे मोजून आलेख काढतील. वाहक-दुर्वाहक, मापन, आलेख, सगळं एकाच पाइपात! मात्र वीज फक्त सेलचीच वापरा. आधी शाळेच्या टाकीत करून बघा. विहिरीत पाइप मोठ्यांनीच सोडायचा.

2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अटल भूजल योजनेतही गावाने स्वतः पाणी मोजावं, पाण्याचा ताळेबंद मांडावा यावरच भर होता. मग शाळा मागे का?

या ऑक्टोबरपासून दर सोमवारी पातळी फलकावर लिहा. पाणी संपल्यावर सगळ्यांनाच कळतं. ते उतरताना मुलांना दिसलं, तर घरातला नळही ती वेळेवर बंद करतील.