लेकीला गिटार हवीय!

दहावी-बारावीचे निकाल लागले की कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांतून बक्षिसाची मागणी पुढे येते. आमच्या वेळी ती मनगटी घड्याळाची असायची, फार तर सायकलची. मग मोबाइल आला. आता काही घरांत चक्क इलेक्ट्रिक गिटार मागतात. मुलगे मागतात आणि हल्ली मुलीही मागतात. बाबा म्हणतात, "आधी साधी वाजवून दाखव, मग बघू." आजी म्हणतात, "त्यापेक्षा पेटी शीक." आणि लेक मोबाइलवर पंचेचाळीस हजारांच्या लालचुटूक गिटारचा फोटो नाचवत असते, "अगं आई, हप्त्यांवर मिळते!" मधल्यामध्ये पंचाईत होते ती आईची. तिला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही आणि घरखर्चाची वही मात्र तिच्याच हातात असते.

बचत गटांच्या कामामुळे ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या अशा आयांशी माझ्या गप्पा होतात. "ताई, घ्यावी का हो?" असं विचारलं की मी म्हणते, जरूर घ्या. पण पंचेचाळीस हजारांची नको आणि तीन-चार हजारांची खेळण्यातलीही नको. साधी, सरळ लाकडाची आणि पुढे एकेक भाग बदलून सुधारता येईल अशी घ्या. आपण तरी संसार एकदम कुठे थाटला? आधी शेगडी आली, मग मिक्सर, दोन दिवाळ्यांनंतर फ्रीज.

घरच्यांची पहिली भीती असते आवाजाची. एका खोलीत चौघं, भिंतीला लागून शेजारी, त्यात ही विजेवरची गिटार! गंमत अशी, की अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली नसेल तर ही गिटार साध्या गिटारपेक्षा कितीतरी हळू वाजते. साध्या गिटारचं पोट पोकळ असतं, सतारीच्या भोपळ्यासारखं, म्हणून ती घुमते. हिचं अंग बहुतेक वेळा भरीव लाकडाचं असतं. तारांच्या खाली पिकअप नावाचा भाग असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत किंचितशी वीज तयार होते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करून ऐकवतो. हेडफोन लावले तर रात्री अकरा वाजताही बाजूला झोपलेल्या आजींना त्रास नाही. एका खोलीच्या घराला खरं तर हीच गिटार सोयीची.

बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ च्या सुमाराची, अमेरिकेतल्या रिकनबॅकर कंपनीची. गोल अ‍ॅल्युमिनियमचं अंग आणि लांब दांडा. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'फ्राइंग पॅन'! स्वयंपाकघराशी तिचं असं जन्मापासूनचं नातं. आणि "हे आपल्याकडचं नाही" म्हणणाऱ्यांना मी आपल्याच भागातल्या हळदीची आठवण करून देते. आगरी-कोळी लग्नांत जो बेंजो रात्रभर नाचवतो, तोही तारांचाच. मूळचं बुलबुलतरंग, त्याला पिकअप जोडून भोंग्यावर चढवलेलं. त्याच्यावर २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा सिनेमाही काढला. तारेला वीज जोडायची कला आपल्या मांडवात केव्हाच येऊन बसली आहे.

मुलींच्या बाबतीत मला थोडं अधिक बोलायचं आहे. मुलाने मागितली तर "बघू" होतं, मुलीने मागितली तर "हे काय पोरींचं वाद्य आहे?" म्हणतात. अमेरिकेत सिस्टर रोझेटा थार्प नावाची एक कृष्णवर्णीय बाई होऊन गेली. जन्म १९१५ चा. चर्चमध्ये भजनं गात वाढली, १९३८ साली तिच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या आणि पुढे ती इलेक्ट्रिक गिटार अशी काही वाजवायची, की नंतरच्या रॉक अँड रोलवाल्या पुरुषांनी तिच्याकडून धडे घेतले. तिला तिथल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा मान मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं. तोवर ती जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती! बाईच्या वाट्याला हा उशीर सगळीकडेच येतो. निदान आपल्या घरात तरी तो नको.

आता खरेदीकडे वळू. आजच्या भावात साधारण दहा ते वीस हजारांत शिकण्याजोगी गिटार येते. त्यात दोन प्रकारचे भाग असतात हे आईने पक्कं लक्षात ठेवावं. मान, अंगाचं लाकूड आणि फ्रेट (सतारीला पडदे असतात ना, तशा मानेवर ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या) हे भाग नंतर बदलणं महाग आणि कटकटीचं. पिकअप, खुंट्या, आवाजाची बटणं, तारा, तारा टेकतात ती वरची खाच हे सगळं पुढे सावकाश बदलता येतं. म्हणजे आज पैसे द्यायचे ते पहिल्या यादीसाठी. रंग, चकाकी, पेटीवरचं नाव यांच्यासाठी नाही.

आणि आकार चारचौघांसारखा घ्यावा. आपण प्रेशर कुकर घेताना काय बघतो? रिंग आणि शिटी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल ना, ते. तसंच इथे. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार १९५४ पासून चालत आली आहे. तिच्या नकला सगळ्या जगात होतात, म्हणून तिचे सुटे भाग सगळीकडे मिळतात. फेंडरनेच स्क्वायर नावाने स्वस्त गिटारी काढल्या, यामाहाची पॅसिफिका आहे, आणखीही आहेत. त्रिशूळाच्या किंवा वटवाघळाच्या आकाराची गिटार दिसते छान, पण तिला उद्या भाग शोधत बसावं लागतं. फक्त सुटा भाग मागवण्याआधी माप घ्यायचं. सारख्या दिसणाऱ्या गिटारींतही खुंट्यांच्या भोकाचा व्यास आणि स्क्रूमधलं अंतर वेगळं निघतं. ब्लाऊजचं माप न देता कापड शिवायला टाकतो का आपण?

तारा खाली-वर हलवणारा दांडा असतो, त्याच्या तरंगत्या प्रकाराचा मोह शिकाऊ मुलांना फार पडतो. एक तार तुटली की सगळ्याच बेसूर होतात आणि नवी तार चढवण्यात संध्याकाळ जाते. पहिल्या गिटारला ब्रिज घट्ट बसवलेलाच बरा.

दुकानात जाताना वाजवता येणारं कोणीतरी बरोबर न्या. क्लासचे सर, शेजारचा कॉलेजातला मुलगा, कोणीही. नाही मिळालं तरी काही गोष्टी आपल्याला स्वतः बघता येतात. मानेच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेटची टोकं बोचत असतील तर ती गिटार परत ठेवा. एक डोळा मिटून मानेच्या लांबीने बघा, पिळवटलेली आहे का. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार दाबून वाजवायला सांगा, खरखरते का, अडते का. बाराव्या फ्रेटवर तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. ज्यांनी पेटीवर सा ते वरचा सा म्हटला आहे त्यांच्या कानाला हे लगेच कळतं, त्यासाठी गिटार यावी लागत नाही. बटणं फिरवताना कडकड आवाज येतो का, तेही ऐका. मुलीचा हात लहान असेल तर तारांची लांबी कमी असलेली गिटार मागा. साडेपंचवीस इंची लांबी सर्रास मिळते, पण चोवीस इंचाच्याही असतात.

कल्याण-डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरलं की धोबीतलाव जवळच. १८६५ पासूनचं फुर्टाडोजचं नाव तिथलंच. रविवारी दुपारी जावं. गर्दीच्या वेळच्या लोकलमधून गिटार आणायची म्हणजे लेडीज डब्यातल्या बायकांचे शब्दही बरोबर आणायचे. जाड पॅडिंगची पिशवी घ्या आणि गाडीत ती पाठीवर न ठेवता पुढे धरा.

गिटारबरोबर अ‍ॅम्प्लिफायर येतो, त्याबद्दल एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून आतल्या अर्थच्या तारेला जोडलेल्या असतात. घरातल्या वायरिंगमध्ये दोष असेल, तर त्याच धातूच्या तारांतून वाजवणाऱ्याला धक्का बसू शकतो. जुन्या चाळींत सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्याच्या मागे तारच नसते. तेव्हा गिटार घरी येण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि प्लगची तिसरी पिन कधीही मोडू नका. मिक्सरलाही त्याचा उपयोग होईलच! ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर जवळ असला की एका वेढ्याचे पिकअप गुणगुणतात. दोन वेढ्यांचा हंबकर ती गुणगुण बरीच मारतो. आपल्या दाटीच्या घरांसाठी निदान एक हंबकर असलेली गिटार बरी पडते.

पहिली सुधारणा कोणती म्हणाल, तर नवा भाग विकत घेऊच नका. जाणत्या माणसाकडून गिटारची नीट सेटिंग करून घ्या, हजार-दोन हजारांत काम होतं. मानेच्या आतला लोखंडी दांडा पिळून मान सरळ करतात, तारांची उंची कमी करतात, सूर जुळवतात. स्वस्त गिटारवर मुलं कंटाळतात ती बऱ्याचदा तारा उंच असल्यामुळे. बोटं दुखतात आणि घरचे म्हणतात, "बघा, दोन महिन्यांत हौस फिटली." त्यानंतर चांगल्या तारा. मग खुंट्या घसरत असतील तर खुंट्या. पिकअप अगदी शेवटी, कारण नावाजलेली जोडी कधीकधी मूळ गिटारच्या किमतीइतकी जाते. सहा महिने रोज वाजवल्यावर मुलगी स्वतःच सांगते, की अमुक सूर टिकत नाही, तमुक आवाज बोदा येतो. तिला जे कानाने कळलं आहे, त्यावर पैसे घाला. जाहिरातीत बघितलेल्यावर नको. आणि हौस खरंच फिटली, तर बारा हजारांची गिटार थोडा तोटा सोसून विकता येते. हप्ते मात्र चालूच राहतात.

मोठमोठ्यांनी हेच केलं आहे. एडी व्हॅन हेलनने लाकडात खोट असलेलं पन्नास डॉलरचं अंग आणि ऐंशी डॉलरची मान जोडून, जुन्या गिब्सनमधला पिकअप त्यात बसवून आपली गिटार केली. आणि क्वीन बँडच्या ब्रायन मेची गोष्ट तर मला फारच आवडते. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला आपला फारूख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, ज्या बँडमध्ये गायचा तोच हा क्वीन. ब्रायनला गिटार घेऊन देणं घरी परवडत नव्हतं. १९६३ साली त्याने वडिलांबरोबर घरीच ती करायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्यांच्या बटणांच्या आणि दांड्याच्या टोकाला आईच्याच विणायच्या सुईचा तुकडा! पिकअपही त्याने आधी हाताने गुंडाळले होते. ते मनासारखे वाजेनात तेव्हा विकतचे आणून बसवले. तीच गिटार घेऊन तो पुढे साऱ्या जगात वाजवत फिरला.

पावसाळ्याचं तेवढं सांगते. खाडीकाठची आपली हवा, जून ते सप्टेंबर लोणच्याच्या बरणीलाही सुटत नाही, तारांना काय सोडणार? वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या कोरड्या तुकड्याने तारा आणि फ्रेट पुसायचे. पिशवीत सिलिकाची दोन पाकिटं टाकायची आणि गिटार बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवून ठेवायची नाही. तारा गंजल्या की पाचशे-सातशेचा नवा संच घालायचा. काढलेल्या तारा मात्र तशाच कचऱ्यात टाकू नका. त्यांची टोकं सुईसारखी असतात आणि कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हाताला हातमोजे क्वचितच असतात. गुंडाळी करून जाड कागदात बांधून, वर चिकटपट्टी लावून द्या.