कथानकाची सक्ती

नर्तकीच्या जीवनावरील चरित्रपट तिच्या नृत्याला न्याय देतो, हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. लॉई फुलर (१८६२–१९२८) हिचे उदाहरण या दृष्टीने निर्णायक ठरते. आपल्या सर्पनृत्याची नक्कल होत असल्याबद्दल तिने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. १८९२ साली न्यायालयाने तिला संरक्षण नाकारले. या नृत्यातून कथा सांगितली जात नाही, सबब ती नाट्यकृती नव्हे, असा निवाडा झाला. रेशमाचे घोळ, बाह्यांत दडवलेल्या काठ्या आणि रंगीत विद्युत्प्रकाश यांतून आकार घडवणारी कला कथेविनाही अर्थपूर्ण असू शकते, हे कायद्याला उमगले नाही.

स्तेफानी दी जुस्तो यांच्या ‘ला दाँसूझ’ (२०१६) या चित्रपटाने तोच निवाडा वेगळ्या मार्गाने कायम केला आहे. नृत्यात कथा नाही, म्हणून ती नर्तकीच्या आयुष्यात भरली गेली. इलिनॉयमध्ये जन्मलेल्या फुलरला फ्रेंच पिता मिळाला. लुई नावाचा कल्पित उमराव तिच्या भावजीवनाच्या केंद्रस्थानी आला. आणि जिच्याशी तिचे दीर्घ सहजीवन होते ती गाब सोरेर कडेला सरली. काठ्या, आरसे, थकलेले खांदे पडद्यावर दिसतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथे श्रम हे वेदनेचे चिन्ह बनतात, रूपाच्या शोधाचे साधन राहत नाहीत. कॅरेल राइश यांचा ‘इझाडोरा’ (१९६८) याहून निराळा नाही. इझाडोरा डंकनचे नृत्य तेथे नीसमधील अखेरच्या दिवसांच्या चौकटीत बसवले आहे, आणि १९२७च्या त्या जीवघेण्या स्कार्फकडेच सारी वाटचाल होते.

चित्रपट ही कथनाची कला आहे, तिला हे स्वातंत्र्य हवेच, असा बचाव केला जातो. चित्रपटाचा स्वतःचा इतिहासच तो खोडून काढतो. १८९५च्या सुमारास एडिसनच्या कंपनीने अ‍ॅनाबेल या नर्तकीचे सर्पनृत्य चित्रित केले; त्याच्या फिती हाताने रंगवल्या गेल्या. त्यात नायक नाही, प्रेमभंग नाही. केवळ वस्त्र, गती आणि रंग आहेत. बाल्यावस्थेतील चित्रपटाला जे पाहता येत होते, ते प्रौढ चरित्रपटाला दिसेनासे झाले आहे.

कवीचे चरित्र फसले तरी कविता हाती उरते. नृत्याची संहिता अशी उरत नाही. म्हणूनच येथे चरित्राने कलाकृतीची जागा घेणे हा केवळ अभिरुचीचा दोष नव्हे. तो कलाकृतीचा दुसरा मृत्यू आहे.