उशाशी बसणाऱ्यांचा रविवार

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळची मिस्सा आटोपली की आमच्या वसईतल्या चर्चच्या आवारातून चार-सहा माणसं वेगवेगळ्या वाटांनी निघतात. एखादे फादर, एखादी सिस्टर, बाकीचे साधे प्रापंचिक: निवृत्त शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, केळीची वाडी करणारा शेतकरी. प्रत्येकाच्या गळ्यात लहानशी पिशवी असते. पिशवीत झाकणाची सोनेरी डबी आणि डबीत ख्रिस्तप्रसाद. ज्या घरी ते जाणार असतात तिथे टेबलावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी तयार असतं. अंथरुणातल्या माणसाचे केस विंचरलेले असतात, अंगात स्वच्छ कपडे असतात. कित्येक घरांत आजाऱ्यासाठी महिन्याचा हा एकच दिवस सणाचा.

ही रीत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या संत जस्टिनने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे प्रसादाचा वाटा सेवकांच्या हाती पाठवला जातो, हे तो आवर्जून सांगतो. पहिला शुक्रवार मात्र पुष्कळ नंतरचा. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या मार्गारेट मेरी या जोगिणीमुळे येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती पसरली आणि तिच्यासोबत तो आला. प्रापंचिकांच्या हाती डबी देण्याची मोकळीक तर १९७३ सालची, पोप सहावे पॉल यांनी दिलेली. आमच्या आजीच्या काळी फादरच यायचे. त्या दिवशी अंगण सारवायचं आणि पोरांनी गलका करायचा नाही, असा दंडक असे.

धर्मग्राम किती जिवंत आहे हे कसं ओळखायचं, यावर आमच्याकडे बऱ्याच चर्चा होतात. रविवारी किती बाकं भरली, सणाला किती माणूस लोटलं, नोव्हेनाला मांडव पुरला की नाही, याची मोजदाद होते. मला विचाराल तर मी आधी आजाऱ्यांची यादी पाहीन. सॅक्रिस्तीच्या कपाटातल्या साध्या वहीत ती असते. तिच्यात शेवटचं नाव कधी चढलं आणि ते कुणी कळवलं, एवढं पाहिलं तरी धर्मग्रामाची नाडी कळते.

पूर्वी या वहीची फारशी गरज नव्हती. निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गास अशा गावांत एखादी म्हातारी दोन रविवार आपल्या जागेवर दिसली नाही की तिसऱ्या दिवशी शेजारीण पेजेचं भांडं घेऊन दारात हजर असायची. आता वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मुलं कॅनडाला, आखातात नाहीतर ऑस्ट्रेलियात. आठव्या मजल्यावर पाय मोडून पडलेल्या माणसाची खबर चर्चपर्यंत आपोआप पोचत नाही. ती आणावी लागते. विभागातल्या बायका हे काम करतात. कुणाच्या घरी रात्री दिवा उशिरापर्यंत जळतो, कुणाच्या दारात औषधाच्या दुकानातला पोऱ्या वरचेवर दिसतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. चर्चच्या कायद्यात कलम ५२९ आहे. प्रमुख धर्मगुरूंनी कुटुंबांना भेटावं आणि आजाऱ्यांची, विशेषतः मरणाला टेकलेल्यांची प्रेमाने काळजी घ्यावी, असं ते सांगतं. दर काही वर्षांनी बदली होणाऱ्या फादरांना हे कलम पाळता येतं ते या बायकांमुळे, असं मी ठामपणे म्हणेन.

एक भीती मात्र अजून गेलेली नाही. तेलाच्या अभ्यंगासाठी फादरना बोलावलं म्हणजे सगळं संपलं, अशी समजूत आमच्या घराघरांत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने साठ वर्षांपूर्वीच स्पष्ट केलं की हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेचा नाही. दुखणं किंवा म्हातारपण यांमुळे जिवाला धोका दिसू लागला की त्याची वेळ आलेलीच असते. तरी माणूस बेशुद्ध झाल्यावर आमचे फोन जातात. ज्याला धीर हवा होता त्याला फादरांचे शब्द ऐकूही येत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी फादरना बोलवा, असं मी भेटेल त्याला सांगते.

या सगळ्यापेक्षा मला जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. डबी घेऊन आलेला सेवक आजाऱ्याशी बोलतो, प्रार्थना म्हणतो, प्रसाद देतो. तेवढा वेळ दाराच्या चौकटीला टेकून एक बाई उभी असते: सून, मुलगी, बायको. तिने पहाटे उठून आजाऱ्याला पुसून घेतलेलं असतं, चादर बदललेली असते, पेज भरवलेली असते. वर्षानुवर्षं ती रविवारच्या मिस्सेला गेलेली नसते, कारण घर सोडून जाता येत नाही. आणि तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं.

चर्चच्या कायद्याने तिला पाहिलं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी तासभर काही खायचं नाही, हा नियम आपण सगळे पाळतो. कलम ९१९ मध्ये त्यातून वृद्धांना आणि आजाऱ्यांना सूट आहे, आणि त्याच वाक्यात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. चहाचा घोट घेऊन उभी असलेली ती सून त्याच क्षणी प्रसाद घेऊ शकते. मनाची तयारी असली की पुरे. कुणी तिला तसं विचारायला हवं. मी विचारते. पुष्कळ जणी आधी नको म्हणतात, मग डोळ्यांत पाणी येतं.

पण दाराशी मिळालेला प्रसाद म्हणजे रविवार नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहताना आपण सगळेच कासावीस झालो होतो. माणसांमध्ये बसणं, सगळ्यांबरोबर गाणं, बाहेर पडल्यावर आवारात दोन शब्द बोलणं, याची किंमत तेव्हा कळली. आपली दारं पुन्हा उघडली. या बायकांची उघडलीच नाहीत.

म्हणून माझं धर्मग्राम परिषदेला मागणं आहे. सणाच्या रोषणाईचा खर्च, सभागृहाच्या लाद्या, नव्या ध्वनियंत्रणेची बोलणी हे सगळं होईल; त्याआधी विभागवार दुसरी वही उघडा, शुश्रूषा करणाऱ्यांची. रविवारी सकाळी दीड तास त्यांच्या जागी कुणीतरी बसायचं, एवढंच काम. आमच्या विभागात शेजारच्या काही घरांपुरतं आम्ही ते सुरू केलं आहे. पहिल्या मिस्सेला जाऊन आलेली मंडळी दुसऱ्या मिस्सेच्या वेळी आजाऱ्याजवळ बसतात. औषधाची वेळ कागदावर लिहिलेली असते, फोन नंबर भिंतीवर असतो. पडलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, हे गावातल्याच एका परिचारिकेने शिकवलं. दृढीकरणाच्या वर्गातली मुलं बरोबर येतात. म्हाताऱ्यांना त्यांची बडबड आवडते आणि मुलांना आमच्या सामवेदी बोलीतल्या जुन्या गोष्टी ऐकायला मिळतात. एका घरची सून कैक वर्षांनी चर्चमध्ये आली तेव्हा तिला उपासनेतली काही उत्तरं आठवेनात. शेजारच्या बाईने पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं.

जागतिक आजारी दिन ११ फेब्रुवारीला असतो. त्या दिवशी चर्चमध्ये आजाऱ्यांना खुर्च्यांवर आणून बसवतात, अभ्यंग करतात, अल्पोपाहार देतात. यंदा त्यांना घेऊन येणाऱ्यांसाठीही पुढच्या रांगेत जागा राखा. आणि ज्यांच्या घरी असं कुणी उशाशी बसून आहे, त्यांनी या रविवारी मिस्सेनंतर आपल्या विभागप्रमुखांकडे नाव द्या. सकाळी सात आणि साडेआठ, दोन्ही मिस्सांच्या वेळी बसायला माणसं तयार आहेत.